हबचा कोन किती घट्ट, चेकनट किती घट्ट?

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलं आहे. त्यांच्या घरी दोन सायकली आहेत: एक वडिलांची जुनी २२ इंची काळी सायकल, दुसरी गिअरची, क्विक रिलीजवाली, म्हणजे मूठ उघडून चाक काढता येणारी. पावसाळा संपल्यावर त्यांनी दोन्हींचे हब, म्हणजे चाकांचे मधले भाग, स्वतः खोलले, धुतले, ग्रीस भरलं. आता हबमधला कोन, म्हणजे छर्‍यांना टेकणारा शंकूसारखा नट, आवळला की चाक जड फिरतं आणि जरा सोडला की रिम डावी-उजवीकडे हलते. मधली जागा सापडत नाही. वाचायला जावं तर कुठे १५ न्यूटन मीटर (नट आवळायच्या जोराचं माप) लिहिलेलं, कुठे २५, कुठे ४०. मग खरा आकडा कोणता?

तिन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते एकाच नटाचे नाहीत. १५ आणि २५ हे आकडे चेकनटचे, म्हणजे कोनामागे बसणाऱ्या नटाचे. मागचं चाक फ्रेमला धरून ठेवणाऱ्या एक्सल नटचा आकडा ३० ते ४०. आणि गिअरच्या सायकलला कॅसेटवर, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांच्या संचावर, जी लॉकरिंग असते तिचाही ४०. कोनाला मात्र आकडाच नाही, आणि तुमची अडचण नेमकी तिथे आहे. तुम्ही कोन आवळताय. कोन जागेवर आणून ठेवायचा असतो. आवळायचा तो चेकनट.

हबच्या दोन्ही टोकांना आत वाटी असते, वाटीत छर्रे, आणि एक्सलच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याच्या, आट्यांवरून येऊन छर्‍यांना टेकतो तो कोन. कोनाच्या मागे वायशर, वायशरच्या मागे चेकनट. कोन आणि चेकनट एकमेकांवर दाबले गेले की दोघेही आट्यांवर अडकून बसतात. चाक सैल फिरतं की जड, हे ठरतं कोनाच्या जागेवर. ती जागा टिकते की रस्त्यात बदलते, हे ठरतं चेकनट किती आवळला त्यावर. ही दोन कामं डोक्यात वेगळी ठेवली की अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

कोनाची जागा किती नाजूक असते ते बघा. एक्सलचे आटे साधारण एक मिलिमीटर अंतरावर असतात. म्हणजे कोन पाव फेरा फिरला की पाव मिलिमीटर सरकला. कडक पोलादाचे छर्रे आणि कडक पोलादाची वाटी यांच्यामध्ये पाव मिलिमीटर म्हणजे फार झालं. तेवढा जास्त आत गेला तर छर्रे चिरडल्यासारखे दाबले जातात, ग्रीसचा थर तुटतो आणि पोलाद पोलादाला घासायला लागतं. तेवढा बाहेर राहिला तर सगळा भार थोड्याच छर्‍यांवर येतो आणि प्रत्येक खड्ड्यात ते कोनाच्या कडेवर आपटतात. दोन्ही बाबतींत शेवट एकच, कोनावर खड्डे. पण मला विचाराल तर जाम हब जास्त वाईट. सैल हब निदान हलून दाखवतो, आवाज करतो. जाम हब गपचूप स्वतःला खात राहतो आणि चालवणाऱ्याला वाटतं, आज वारा समोरून आहे.

म्हणून जागा शोधण्याआधी कोन चांगला आहे का ते बघा. डिझेलमध्ये धुवा, कोरड्या फडक्याने पुसा आणि दारात उजेडाला धरून सावकाश फिरवा. छर्रे जिथून धावतात तिथे एक पातळ चकचकीत पट्टा दिसेल. त्या पट्ट्यावरून बॉलपेनचं टोक हलकं दाबून फिरवा. टोक सुरळीत गेलं तर कोन ठीक. कुठे अडकलं, तर तिथे सुईच्या टोकाएवढा खड्डा आहे. हे खड्डे बहुतेक वेळा कोनाच्या एकाच बाजूला सापडतात, कारण चाक फिरतं पण कोन फिरत नाही. भार कायम खालच्या त्याच जागेवर येतो. खड्डे पडलेल्या कोनाला मधली जागा नसतेच. तो एका ठिकाणी सैल लागेल आणि दुसऱ्या ठिकाणी खरखरेल, तुम्ही दिवसभर बसलात तरी. तो बदला, आणि छर्रेही सगळे एकदम बदला. जुन्यात चार नवे मिसळू नका. घासलेले आणि नवे यांच्या मापात फरक असतो आणि भार फक्त नव्यांवर येतो. मागच्या हबला बहुतेक ठिकाणी पाव इंची छर्रे, एका बाजूला ९. पुढच्याला ३/१६ इंची, एका बाजूला १०. वाटीत थोडी फट राहते म्हणून आणखी एक छर्रा घालायचा मोह होतो. घालू नका, ती फट हवीच.

वाटीही तशीच तपासा. ती हबमध्ये घट्ट बसवलेली असते, त्यामुळे तिला खड्डे पडले असतील तर बहुतेक वेळा हबच बदलावा लागतो. एक्सल काचेवर ठेवून लोळवून बघा. वाकलेला असेल तर लगेच कळतं. मागच्या कॅरियरवर माणूस बसवून नेलेल्या काळ्या सायकलींमध्ये वाकलेले एक्सल नेहमी सापडतात, आणि वाकलेल्या एक्सलवर कोन कधीच सरळ टेकत नाही.

आता मधली जागा. ती न सापडण्याचं कारण तुमचा हात नाही, आट्यांतला सैलपणा आहे. एक्सलचे आटे आणि कोनाचे आटे यांच्यात थोडी मोकळीक असतेच. कोन बोटांनी टेकवलात की तो त्या मोकळिकीत बाहेरच्या बाजूला बसलेला असतो. मग चेकनट आवळला की कोन तेवढाच आत ढकलला जातो. आवळण्याआधी अगदी बरोबर वाटणारा कोन आवळल्यावर जाम होतो तो यामुळे. तुम्ही जाम झाला म्हणून पुन्हा सगळं सोडत असणार, आणि पुन्हा तीच फेरी.

तसं न करता आधी उजवी बाजू, म्हणजे चेनची बाजू, कायमची पक्की करून घ्या. एक्सल हबच्या बाहेर असतानाच उजवा कोन आणि उजवा चेकनट एकमेकांवर पूर्ण आवळा. सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या पत्रकांत हबप्रमाणे साधारण १० पासून २५ न्यूटन मीटरपर्यंतची मर्यादा दिलेली असते. या बाजूला वरच्या टोकाकडे, २० च्या आसपास जा. ही बाजू रस्त्यात सुटली तर फ्रीव्हील, म्हणजे चेन बसते ती मागची दातेरी चकती, काढल्याशिवाय तिथे पाना पोचत नाही. मग एक्सल हबमध्ये घाला, डाव्या बाजूचे छर्रे ग्रीसमध्ये बसवा आणि डावा कोन बोटांनी नेऊन टेकवा. टेकला की पाव फेरा मागे. हो, मुद्दाम सैल. वायशर घाला. त्याच्या आतल्या कडेला बारीक दात असेल तर तो एक्सलच्या खाचेत बसला पाहिजे, कारण चेकनट फिरताना कोन सोबत फिरू नये हे काम तो दात करतो. दात झिजून गोल झाला असेल तर वायशर बदला. किरकोळ वस्तू आहे, पण तिच्यामुळे माणूस तासभर झगडतो.

मग कोन पातळ कोनपान्याने धरून ठेवा आणि चेकनट आवळा, १५ ते १८ न्यूटन मीटर. आता बघा, चाक हलत असेल. हलायलाच हवं. चेकनट सोडा, कोन अगदी थोडा आत घ्या, घड्याळाचा तासकाटा अर्ध्या तासात जेवढा सरकतो तेवढाच, आणि पुन्हा पूर्ण आवळा. प्रत्येक वेळी पूर्ण आवळूनच तपासा. अर्धवट आवळून घेतलेल्या अंदाजाला काही अर्थ नाही. सैल बाजूकडून असं एकेक पायरी गेलं की जागा हमखास सापडते. जाम बाजूकडून यायचा प्रयत्न केला की ती निसटत राहते.

तरीही शेवटी केसभर जाम राहिलं तर सगळं सोडायची गरज नाही. दोन कोनपाने घ्या, एक डाव्या कोनाला, एक उजव्या कोनाला, आणि दोन्ही कोन आपापल्या चेकनटच्या दिशेने, म्हणजे सोडायच्या बाजूला, जरा ताण द्या. कोन चेकनटवर आणखी दाबून बसतात आणि आत तेवढी मोकळीक होते. उलट केसभर सैल असेल तर दोन्ही चेकनटना पाने लावून दोन्ही आवळायच्या दिशेने ताण द्या. दोन कोनपाने घरात ठेवण्याचं हेच मोठं कारण. शिमानोच्या हबला बहुधा पुढे १३ नंबर आणि मागे १५ नंबरचा कोनपाना लागतो, चेकनटला १७. काळ्या सायकलचे पाने मात्र नटावर लावून बघूनच घ्या. आणि कोनपान्याने कधी एक्सल नट किंवा पेडल खोलू नका. तो दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा आहे. एकदा तोंड पसरलं की कोनाच्या कडा खायला लागतो.

तुम्ही म्हणाल, जोराचा आकडा दाखवणारा टॉर्क पाना आमच्याकडे कुठला? तो नसला तरी आकडा काढता येतो. बॅग तोलायचा हुकाचा काटा बेळगावच्या बाजारात कुठेही मिळतो. पाना नटावर लावा, नटाच्या मध्यापासून १५ सेंटीमीटरवर काट्याचा हूक अडकवा आणि पान्याशी काटकोनात ओढा. काट्यावर १२ किलो दिसलं की झाले साधारण १८ न्यूटन मीटर. एक्सल नटसाठी २० सेंटीमीटरवर १८ किलो ओढलं की ३५. हे एकदा काट्याने करून बघितलं की हाताला तो जोर कळतो, मग काट्याची गरज उरत नाही. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मुलांना मी आधी हेच करायला लावतो. काट्याशिवाय सुरुवात केली की बहुतेकांचा हात चेकनटला कमी आणि कोनाला जास्त जातो.

एवढं झालं तरी काम पुरं होत नाही, कारण चाक सायकलला बसवल्यावर ही जागा पुन्हा बदलते. इथे तुमच्या दोन सायकली वेगळ्या वागतात.

क्विक रिलीजचा एक्सल पोकळ असतो. मूठ बंद केली की आतली सळई दोन्ही बाजूंनी एक्सलला दाबते आणि तो अगदी किंचित आखूड होतो. किंचित म्हणजे डोळ्याला न दिसणारं, पण कोनाला पुरेसं. त्यामुळे चाक हातात असताना त्यात केसभर हालचाल राहिलीच पाहिजे. खात्री करायची सोपी रीत अशी. चाक बसवा, मूठ बंद करा आणि ब्रेकच्या रबरांजवळ रिम धरून डावी-उजवीकडे ढकला: हलता कामा नये. मूठ उघडा आणि पुन्हा ढकला: आता अगदी जरा टकटक जाणवली पाहिजे. बंद असताना टकटक असेल तर अजून थोडं आत घ्या. उघडी असतानाही काहीच जाणवत नसेल तर बंद केल्यावर हब नक्की दाबला जातोय. मला खात्री वाटते की तुमच्या गिअरच्या सायकलचं हेच झालंय. हातात धरून तुम्ही तिला हालचाल अजिबात नाही अशी बसवताय, आणि मूठ बंद केली की ती जड होते.

मुठीबद्दलही बोलतो, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. मूठ नटासारखी गोल फिरवून आवळायची नसते. फिरवायचा तो समोरचा छोटा नट, आणि मूठ दाराच्या कडीसारखी मुडपून बंद करायची. मूठ एक्सलच्या सरळ रेषेत उभी राहिली की तिथून तिला जोर लागायला सुरुवात झाली पाहिजे आणि पूर्ण बंद केल्यावर तळहातावर तिचा वळ उठला पाहिजे. सहज बंद झाली तर ती सैल आहे. एक्सलचं टोकही बघा. चाक जिच्यात बसतं त्या फ्रेमच्या पट्टीच्या जाडीपेक्षा ते बाहेर आलेलं असेल तर मूठ फ्रेमला न धरता एक्सललाच धरते, आणि चाक हाताला घट्ट लागलं तरी निसटू शकतं.

काळ्या सायकलचा एक्सल भरीव आहे. नट फ्रेमच्या बाहेरून आवळतात, एक्सल फारसा दबत नाही, म्हणून तिथे हातातल्या चाकात हालचाल अजिबात ठेवू नका. फिरायला मोकळं आणि हलायला शून्य. तिथे खरा प्रश्न एक्सल नटचा असतो. पुढे २० ते २७ न्यूटन मीटर पुरतात, मागे ३० ते ४० हवेतच. दुधाचे कॅन, वैरणीचा भारा किंवा भाजीचं पोतं लादून चढ चढताना चेन मागच्या चाकाची उजवी बाजू पुढे ओढते. नट सैल असला की चाक तिरकं होऊन टायर डावीकडच्या नळीला घासायला लागतं. माणूस येतो आणि म्हणतो, "मामा, हब जाम झालाय की ओ!" हबला काही झालेलं नसतं. कर्नाटकात २००६-०७ पासून आठवीच्या मुलामुलींना सरकारकडून ज्या सायकली मिळाल्या, त्या अजून गावोगाव दिसतात. त्यांचेही एक्सल नटचेच आहेत, त्यांनाही हेच सगळं लागू.

मागच्या एक्सल नटखाली काय काय येतं तेही मोजा: मडगार्डची पट्टी, कॅरियरची पट्टी, स्टँड. हे सगळं फ्रेमच्या पट्टीच्या बाहेर बसतं आणि त्याच्या वर वायशर. त्यातले पत्रे आणि रंगाचे थर काही दिवसांत दबतात, आणि ४० ने आवळलेला नट आपोआप ढिला पडतो. त्यामुळे कॅरियर किंवा स्टँड नवा बसवला की आठवड्याने नट पुन्हा आवळायलाच हवा. दोन्ही बाजूंचे नट थोडे थोडे, आळीपाळीने आवळा, नाहीतर चाक एका बाजूला ओढलं जातं.

बाकीचं थोडक्यात सांगतो. काळ्या सायकलचं फ्रीव्हील आटे स्वच्छ करून, ग्रीस लावून हाताने बसवायचं. पुढचं काम पेडल मारता मारता आपसूक होतं. पाना लावून आवळलेलं फ्रीव्हील काढताना पुढच्या माणसाचे हाल होतात. कॅसेटची लॉकरिंग ४० न्यूटन मीटर. ती कडकड आवाज करत बसते, त्या आवाजाला घाबरू नका. कॅसेट जिच्यावर बसते ती बॉडी हबला धरणारा पोकळ बोल्ट ३५ ते ५०. डिस्क ब्रेकची चकती सहा बारीक स्क्रूंनी बसत असेल तर तिथे हात आवरता घ्या. शिमानोच्या चकतीला फक्त २ ते ४ न्यूटन मीटर लागतात, इतर कंपन्यांना थोडे जास्त. तिथे चेकनटचा जोर लावलात तर स्क्रूचं डोकं तुटेल आणि बाकीचा स्क्रू हबमध्ये अडकून राहील. सील बेअरिंगचा, म्हणजे छर्रे बंद कड्यात असलेला, हब असेल तर कोनाचा हा सगळा खटाटोप नाहीच. हालचाल जाईल एवढंच दाबायचं आणि थांबायचं.

आता तुमच्या भागाचं. जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस आणि लाल माती हबला फार जड जाते. माती पाण्यासोबत कोनाच्या फटीतून आत जाते आणि ग्रीसमध्ये मिसळली की ती घासायची पेस्टच होते. अथणी, रायबाग, चिकोडीकडे पाऊस कमी, पण उसाच्या हंगामात काळ्या मातीची धूळ तेच काम करते, जरा सावकाश. तिकडे वर्षातून एकदा हब खोललात तरी चालेल. तुम्ही पावसाच्या आधी एकदा आणि पावसानंतर एकदा खोला. ओढ्याच्या फरशीवरून जाताना हब पाण्यात बुडाला असेल तर त्याच आठवड्यात. आणि सायकल गाड्या धुण्याच्या ठिकाणी प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका, निदान हबवर तरी तो फवारा धरू नका. तो कुठलंही सील पार करतो आणि नवं ग्रीस एका मिनिटात धुऊन नेतो. वडिलांच्या सायकलच्या हबवर मधोमध पत्र्याची क्लिप आणि तिच्याखाली तेलाचं भोक असेल, तर पावसाळ्यात महिन्याला त्यात चार थेंब तेल सोडा. ते पाणी बाहेर ढकलतं. ग्रीस भरलंय म्हणून तेल नको, असं समजू नका.

तेव्हा तुम्ही असं करा. आधी बॉलपेनने सगळे कोन तपासा. खड्डे असतील तर खड्डा पडलेला कोनच सोबत घेऊन बेळगावला या, आटे आणि माप जुळवूनच नवा घ्या. दिसायला सारखे कोन बसायला सारखे नसतात. खड्डे नसतील तर गिअरच्या सायकलचा डावा कोन तासकाटा अर्ध्या तासात सरकतो तेवढा मागे घ्या, चेकनट १८ न्यूटन मीटरने आवळा आणि मूठ उघडी, मूठ बंद असं दोन्ही वेळा तपासा. काळ्या सायकलला हालचाल शून्य ठेवा आणि मागचे नट ३५ पर्यंत न्या. त्यानंतर खानापूर-बेळगाव अशी एक फेरी मारा आणि घरी आल्यावर रिम पुन्हा ढकलून बघा. पुन्हा टकटक आली तर कोनाला हात लावू नका, आधी चेकनट तपासा, आणि तेही उजव्या बाजूचा पहिला.